दिनविशेष पाठ आहेत, पण आकडा कोणाचा?

नाशिकच्या कुठल्याही अभ्यासिकेत '१२ जून कशासाठी?' असं विचारा. चार जण पुस्तकातून मान वर न काढता सांगतील: जागतिक बालकामगार विरोधी दिन, आयएलओ (आंतरराष्ट्रीय कामगार संघटना), २००२ पासून. ११ जुलै लोकसंख्या, ८ सप्टेंबर साक्षरता, २५ नोव्हेंबर स्त्रियांवरील हिंसाचार, सगळं तोंडपाठ. एमपीएससीच्या नादाने एवढं तरी पदरात पडलंय. पण एमए किंवा एमएसडब्ल्यूच्या पहिल्याच सत्रात त्याच दिनावर 'आकडेवारीसह टिपण लिहा' असं सांगितलं की हीच मंडळी गुगलची पहिली बातमी उघडून बसतात. हे लिहितेय ते त्यांच्यासाठी. प्राथमिक आणि दुय्यम स्रोत म्हणजे काय, हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालते.

आंतरराष्ट्रीय दिनाचा आपल्याला खरा उपयोग एकच. त्याच्या आसपास मोठे अहवाल बाहेर पडतात. जून २०२५ मध्ये आयएलओ आणि युनिसेफचा बालमजुरीचा नवा अंदाज आला: २०२४ मध्ये जगभरात १३.८ कोटी मुलं. त्याआधीचा २०२०चा अंदाज १६ कोटींचा होता. यात दोन गोष्टी लगेच वहीत लिहून ठेवायच्या. अहवाल आला ते वर्ष वेगळं आणि आकडा ज्या वर्षाचा आहे ते वर्ष वेगळं. दुसरी गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण मिलियनचे कोटी करताना शून्यं मोजा. १३८ मिलियन म्हणजे १३.८ कोटी. 'जगात १३८ कोटी बालकामगार' असं छापलेलं भित्तिपत्रक मी भिंतीवर लागलेलं पाहिलंय, आणि खाली सत्कार सुरू होता.

आता खरा खड्डा. यावर मी जरा जास्तच बोलणार आहे, कारण माझं पहिलं सत्र याच खड्ड्यात गेलं.

भारतात बालकामगार किती, हे शोधलंत की दोन आकडे हाती येतात: ४३.५ लाख आणि १.०१ कोटी. दोन्ही २०११च्या जनगणनेचे, दोन्ही ५ ते १४ वयाचे, दोन्ही सरकारी कागदांवर. एकाच्या दुपटीपेक्षा दुसरा मोठा. मी कितीतरी दिवस यातला खोटा कुठला तेच शोधत होते. खोटा कुठलाच नाही. जनगणना काम करणाऱ्यांचे दोन भाग करते. वर्षातून सहा महिने किंवा जास्त काम केलं तर तो 'मुख्य काम करणारा', त्याहून कमी केलं तर 'सीमांतिक'. ४३.५ लाख ही फक्त मुख्य काम करणारी मुलं. उरलेली सत्तावन्न लाखांवर मुलं सीमांतिक रकान्यात आहेत. दोन्ही मिळून १.०१ कोटी.

सीमांतिक म्हटलं की वाटतं, सुट्टीत थोडी मदत करणारं पोर असेल. नाशिकमध्ये बसून तरी असं वाटू देऊ नका. सुरगाणा, पेठकडची कुटुंबं हंगामात निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत कामाला येतात. समजा एक बारा वर्षांचा मुलगा आईबापांबरोबर ऑक्टोबरच्या छाटणीला काही आठवडे राबला, मग जानेवारीपासून खुड्याला आला आणि मार्चअखेर परत गेला. त्याची शाळा बुडाली ती बुडालीच. पण सहा महिने भरत नाहीत, म्हणून तो ४३.५ लाखांत नाही. हंगामी स्थलांतर हाच ज्या जिल्ह्याचा प्रश्न, त्या जिल्ह्यावर लिहिताना 'मुख्य'चा आकडा घेतला, तर ज्याच्याबद्दल लिहिताय तोच मुलगा गाळला जातो.

इथेच अजून एक पायरी आहे, आणि तिच्यावरून पुष्कळ जण घसरतात. २००१च्या जनगणनेतला १.२६ कोटी हा आकडा मुख्य आणि सीमांतिक मिळून आहे. त्याच्या शेजारी २०११चे ४३.५ लाख ठेवले की दहा वर्षांत बालमजुरी एक तृतीयांशावर आली असं दिसतं. भाषणात टाळ्या मिळतात. बरोबरीची तुलना १.२६ कोटी आणि १.०१ कोटी यांची. घट आहेच, पण ती एवढी. हा शेजार तुम्हाला चांगल्या चांगल्या लेखांत सापडेल, तेव्हा कुणाच्या नावाला भुलू नका.

या आकड्यांशेजारी आयएलओचे १३.८ कोटी ठेवून 'जगातले इतके टक्के भारतात' असा भागाकार तर मुळीच करू नका. त्यांचा वयोगट ५ ते १७. शिवाय ते कामाचे तास, वय आणि धोका बघून ठरवतात. जनगणनेत वर्षभरात केलेलं काम मोजलं जातं. घरची धाकटी भावंडं सांभाळणारी, पाणी भरणारी मुलगी जनगणनेच्या 'काम' या व्याख्येत बसतच नाही.

घाबरू नका. ही गाठ एकदा सुटली की बाकीचे दिन सोपे जातात, कारण सगळीकडे प्रश्न तोच: कोणाला मोजलं आणि कोणाला सोडलं. ८ मार्चला फिरणारा आकडा घ्या. २०१९च्या वेळ-वापर सर्वेक्षणात विनामोबदला घरकामाला बायका दिवसाला २९९ मिनिटं देतात आणि पुरुष ९७. वाचून वाटतं, चला, पुरुष दीड तास तरी हात लावतात. पण ही सरासरी त्या दिवशी घरकाम केलेल्यांचीच आहे. सहा वर्षांवरच्या बायकांपैकी ८१.२ टक्क्यांनी ते केलं होतं, पुरुषांपैकी २६.१ टक्क्यांनी. उरलेले पुरुष त्या सरासरीत नाहीतच. ८ सप्टेंबरला साक्षरतेचंही तेच. जनगणना सात वर्षांपासून पुढे मोजते आणि घरच्यांनी सांगितलेलं लिहून घेते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण १५ ते ४९ वयाच्यांना मोजतं आणि पुरेसं शिक्षण नसलेल्यांकडून एक वाक्य वाचून घेतं. दोन टक्केवाऱ्या जुळत नाहीत म्हणून रात्र जागवू नका. त्या जुळायच्याच नसतात.

शॉर्टकटबद्दल माझी मतं कडवट आहेत. सीनियरच्या पेनड्राइव्हमधली एक्सेल शीट घेऊ नका. तिच्यात स्रोताचा रकाना कधीच भरलेला नसतो. चॅटबॉटला आकडा विचारू नका, तक्त्याचं नाव विचारा, आणि तेही पडताळून घ्या. गाईडने 'नेटवर सगळं आहे' म्हटलं तर मान डोलवा आणि आपल्या वाटेने जा. माझ्या मते चांगला गाईड तो, जो तुमच्या तक्त्याखालची तळटीप वाचायला मागतो. असा मिळाला तर सोडू नका. नाही मिळाला तरी अडत नाही, माझंही अडलं नाही.

जिल्ह्यापुरतं हवं असेल तर इंग्रजी पोर्टलांच्या आधी 'जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन' उघडा. राज्याचं अर्थ व सांख्यिकी संचालनालय ते काढतं, मराठीत असतं आणि तालुकावार तक्ते देतं. जनगणनेत कामासाठी बी मालिका बघा. बी-१ तक्त्यात जिल्ह्याचे मुख्य आणि सीमांतिक, वयोगटानुसार मिळतात. सीमांतिकांतही तीन महिन्यांहून कमी आणि तीन ते सहा महिने असे दोन भाग आहेत. द्राक्षाच्या हंगामाबद्दल बोलायचं तर हाच तक्ता. २०११चा डेटा जुना झाला हे खरं, पण २०२१ची जनगणना झाली नाही आणि पुढचीची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. तोवर 'जुना आहे' असं लिहून तोच वापरायचा, यात लाजण्यासारखं काही नाही.

९ ऑगस्टला, आदिवासी दिनाला, नाशिकमध्ये मिरवणुका निघतात आणि जिल्ह्याच्या लोकसंख्येचा चौथा हिस्सा अनुसूचित जमातींचा आहे. तरी भारतीय पोर्टलवर दिनाचं नाव टाकून शोधलंत तर हाती काही लागणार नाही. इथला डेटा दिनाच्या नावाने नसतो, खात्याच्या आणि सर्वेक्षणाच्या नावाने लावलेला असतो. आधी दिनाचा विषय, मग तो कोण मोजतं, मग त्या सर्वेक्षणाचं नाव, आणि शेवटी तक्ता.

कच्च्या डेटाच्या, म्हणजे मायक्रोडेटाच्या, मागे पहिल्या वर्षी लागू नका. सांख्यिकी मंत्रालयाच्या पोर्टलवर नोंदणी करून तो मिळतो, पण प्रत्येक ओळीला भार (ती ओळ किती लोकांच्या जागी धरायची तो आकडा) लावल्याशिवाय काढलेली टक्केवारी कुचकामी, आणि ते शिकवायला कॉलेजात कुणी असेलच असं नाही. त्यापेक्षा कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीचं, २०१९-२१चं, नाशिक जिल्ह्याचं पत्रक डाउनलोड करा. मोजकी पानं आहेत. त्यात काही टक्केवाऱ्या कंसात दिसतील. तो कंस शोभेचा नाही. त्या आकड्यामागे २५ ते ४९ एवढीच माणसं आहेत, आणि जिथे नुसती फुली (*) आहे तिथे २५ सुद्धा नाहीत. कंसातला आकडा टिपणात घ्यायचाच असेल तर कंसासकट घ्या.