अपार्टमेंटमधील सामायिक वीज आणि पाण्याचे बिल कोणी, किती भरायचे

कोल्हापुरातील ताराबाई पार्क असो, राजारामपुरी असो किंवा कळंबा. जिन्यातील दिवे, लिफ्ट आणि पाण्याची मोटर यांच्या बिलावरून इमारतीत वाद निघाला, की चर्चा ‘न्याय्य काय’ या प्रश्नापासून सुरू होते. तिची सुरुवात कागदांपासून व्हायला हवी. इमारत कोणत्या कायद्याखाली नोंदली आहे यावर वाटणीचा नियम ठरतो, आणि तो न पाहता बैठकीत बहुमताने केलेला ठराव एखाद्या सदस्याने आव्हान दिल्यावर टिकेलच असे नाही.

महाराष्ट्रात सदनिकाधारकांची संघटना प्रामुख्याने दोन प्रकारची असते: सहकारी संस्था कायदा, 1960 खालील गृहनिर्माण संस्था, किंवा अपार्टमेंट मालकी कायदा, 1970 खालील सदनिकाधारकांचा संघ. फाटकावरील नावावरून यातले काही कळत नाही, कारण बोलताना सगळेच ‘सोसायटी’ म्हणतात. तुमच्याकडे शेअर सर्टिफिकेट असेल तर ती सहकारी संस्था. त्याऐवजी इमारतीचे घोषणापत्र, म्हणजे डिक्लेरेशन, आणि तुमच्या नावचे डीड ऑफ अपार्टमेंट नोंदलेले असेल, तर इमारतीला 1970 चा कायदा लागू आहे; पुढे ‘अपार्टमेंट’ म्हणजे अशीच इमारत. घोषणापत्राची प्रत बिल्डरने दिली नसली, तरी नोंदलेला दस्त असल्याने दुय्यम निबंधक कार्यालयातून ती मिळते. सामायिक जागांमध्ये प्रत्येक सदनिकेचा अविभक्त हिस्सा किती टक्के आहे, हे त्यात लिहिलेले असते आणि बिलाच्या दृष्टीने तोच आकडा महत्त्वाचा आहे.

1970 च्या कायद्याच्या कलम 10 नुसार सामायिक खर्च या टक्केवारीप्रमाणे आकारायचा असतो. सहकारी संस्थेत मात्र आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे संस्थांसाठीच्या नमुना नियमावलीप्रमाणे, सेवाशुल्क सर्व सदनिकांवर समान बसते आणि सामायिक विजेचा खर्च त्यातच धरला जातो. समजा, बारा सदनिकांच्या इमारतीचे सामायिक वीजबिल 6,000 रुपये आले. आठ लहान सदनिकांचा हिस्सा प्रत्येकी 7 टक्के आणि चार मोठ्या सदनिकांचा प्रत्येकी 11 टक्के आहे. सहकारी संस्था असेल तर प्रत्येकाने 500 रुपये भरायचे. अपार्टमेंट असेल तर लहान सदनिकेला 420 आणि मोठ्या सदनिकेला 660 रुपये येतात. ‘आम्ही दोघेच राहतो, वीज कमी वापरतो’ हा मोठ्या सदनिकेच्या मालकाचा युक्तिवाद ऐकायला पटतो. पण टक्केवारी वापरावर ठरलेलीच नसते. मुंबई उच्च न्यायालयानेही 2025 मध्ये पुण्यातील एका गृहसंकुलाच्या प्रकरणात अपार्टमेंटमधील देखभाल खर्च हिश्शाच्या प्रमाणातच द्यावा लागेल, अशी भूमिका घेतली.

लिफ्टचा प्रश्न जवळजवळ प्रत्येक इमारतीत तळमजल्यावरून येतो. सहकारी संस्थेच्या उपविधींमध्ये उत्तर स्पष्ट आहे: ज्या इमारतीत लिफ्ट आहे तिथल्या सर्व सदस्यांनी, वापर करोत वा न करोत, खर्च समान द्यायचा. अपार्टमेंट कायद्यातही सामायिक सोयीचा वापर सोडून दिल्याने, किंवा सदनिका कुलूप लावून ठेवल्याने, वर्गणीतून सुटका होत नाही. अपवाद एकच पाहावा. घोषणापत्रात एखादी लिफ्ट किंवा जिना ठरावीक सदनिकांपुरता ‘मर्यादित सामायिक’ म्हणून दाखवला असेल, तर इतरांना त्यातून वगळण्याला आधार मिळतो. रस्त्याकडेला गाळे असलेल्या इमारतींनी हा भाग विशेष लक्ष देऊन वाचावा.

महावितरणचे बिल

येथे दोन जबाबदाऱ्या वेगळ्या ओळखाव्या लागतात. महावितरणचा संबंध ज्याच्या नावावर जोडणी आहे त्या ग्राहकाशी असतो. चार जणांनी वर्गणी दिली नाही म्हणून चार हिस्से वजा करून बिल स्वीकारले जात नाही. थकबाकी राहिल्यास वीज कायदा, 2003 च्या कलम 56 नुसार पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊन पुरवठा तोडता येतो आणि मग अंधार नियमित भरणाऱ्यांच्याही वाट्याला येतो. म्हणून संघाने बिल आधी पूर्ण भरावे आणि वसुली नंतर करावी. त्यासाठी किमान दोन बिलांइतकी रक्कम खात्यात राखीव ठेवणे, हा माझ्या मते हिशेबातील सर्वांत उपयोगी नियम आहे.

सामायिक मीटर अजून बिल्डरच्या नावावर असेल तर ते संघाच्या नावावर करून घ्यावे. निवासी इमारतीतील जिना, लिफ्ट आणि मोटर यांना घरगुती दर लागू होतो. त्याच मीटरवरून गाळ्याची पाटी किंवा एखाद्याच्या शिकवणी वर्गाचे दिवे चालत असतील, तर तो अनधिकृत वापर ठरू शकतो आणि वीज कायद्याच्या कलम 126 खाली दुप्पट दराने आकारणी होऊ शकते. तिचा भार सगळ्यांवर पडेल. बिल तपासताना रुपयांपेक्षा युनिट पाहावीत. घरगुती दर टप्प्यांचा असल्याने वापर वाढला की पुढच्या युनिटचा दरही चढतो. युनिट अचानक वाढली असतील, तर शेजाऱ्यावर संशय घेण्याआधी टाकीचा फ्लोट स्विच पाहावा. टाकी भरून वाहत असतानाही मोटर सुरू राहणे हे कारण सर्रास सापडते.

पाणीपट्टी आणि टँकर

महापालिकेची जोडणी संपूर्ण इमारतीला एकच असेल, तर पाणीपट्टीचे बिलही एकच येते. सहकारी संस्थेत ते प्रत्येक सदनिकेतील नळांची संख्या आणि आकार यांवर वाटायचे असते, हे अनेक चेअरमनांनाही ठाऊक नसते. अपार्टमेंटमध्ये पुन्हा अविभक्त हिस्साच लागतो. टँकरचा खर्चही पाण्याच्याच सदरात घालावा. 2019 आणि 2021 च्या महापुरात उपसा केंद्रे पाण्याखाली जाऊन शहराचा पुरवठा बंद पडला, तेव्हा टँकरसाठी हातात येतील तसे पैसे गोळा झाले आणि नंतर हिशेब कुणालाच जुळवता आला नाही, असे घडणे स्वाभाविक होते. तातडीच्या टँकरसाठी किती रकमेपर्यंतचा निर्णय समितीने स्वतः घ्यावा, हे पावसाळ्यापूर्वीच्या सभेत ठरवून इतिवृत्तात नोंदवावे. घरफाळा, म्हणजे मालमत्ता कर, मात्र या वाटणीत मिसळू नये. सदनिकांची स्वतंत्र आकारणी झालेली असेल, तर तो ज्याचा त्याने भरायचा असतो.

थकबाकी, विक्री आणि बिल्डर

भाडेकरू वीजबिल भरत असला, तरी संघाला उत्तरदायी मालकच राहतो. भाडेकराराच्या कलमाचा उपयोग त्या दोघांपुरता असतो. थकबाकीदाराचे पाणी तोडणे हा वसुलीचा मार्ग नव्हे. उलट त्यातून संघच तक्रारीत अडकतो. सहकारी संस्थेला उपविधींप्रमाणे द.सा.द.शे. 21 पर्यंत सरळ व्याज लावता येते आणि सहकारी संस्था कायद्याच्या कलम 154ब-29 खाली निबंधकांकडे वसुली दाखल्यासाठी अर्ज करता येतो. अपार्टमेंटमध्ये न भरलेल्या सामायिक खर्चाचा बोजा त्या सदनिकेवरच राहतो. सरकारी व महापालिकेचे कर आणि पहिले गहाण यांच्यानंतर त्याचा क्रम लागतो. विक्रीनंतर जुन्या थकबाकीसाठी विकणारा आणि घेणारा दोघेही जबाबदार धरले जातात. त्यामुळे सदनिका घेणाऱ्याने खरेदीपत्रापूर्वी संघाकडून थकबाकीचे लेखी विवरण मागावे.

बिल्डरने ताबा देईपर्यंतची वीज, पाणी आणि इतर देणी भरण्याची जबाबदारी रेरा (स्थावर संपदा नियमन) कायदा, 2016 च्या कलम 11 नुसार त्याचीच आहे, आणि या देण्यांसाठी ग्राहकांकडून घेतलेली रक्कम त्याने भरली नसेल, तर इमारत हस्तांतरित झाल्यानंतरही तो त्यातून सुटत नाही. न विकलेल्या सदनिकांचा मालक या नात्याने त्यांचा हिस्साही त्यानेच द्यायचा असतो. तो देत नसेल, तर बिलांच्या प्रती, पावत्या, घोषणापत्रातील टक्केवारीचे पान आणि सभेचा ठराव जोडून आधी लेखी मागणी करावी. उत्तर न आल्यास, ताब्यापूर्वीच्या देण्यांसाठी महारेराकडे, म्हणजे रेरा कायद्याखालील राज्याच्या प्राधिकरणाकडे, आणि संघाच्या आकारणीबाबतच्या वादासाठी सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे जावे.