व्हॅक्यूम सीलरने फ्रीझरमध्ये साठवण: मटार, मासळी, आमरस आणि आलं-लसूण पेस्ट

घरगुती व्हॅक्यूम सीलरचं काम सोपं असतं. पिशवीचं उघडं तोंड झाकणाखाली धरायचं, पंप आतली हवा ओढून घेतो आणि तापलेली पट्टी प्लास्टिक वितळवून तोंड बंद करते. या यंत्रांना एका बाजूने आतून जाळीदार उठाव असलेल्या पिशव्याच लागतात, कारण हवा त्या खाचांमधून बाहेर येते. गुळगुळीत पिशव्या स्वस्त मिळतात म्हणून आणल्या, तर दोन्ही बाजू एकमेकींना चिकटतात आणि हवा मधेच अडकून राहते. त्या पिशव्या चेंबरवाल्या, म्हणजे अख्खी पिशवी आत ठेवून हवा काढणाऱ्या मोठ्या यंत्रांसाठी असतात. पिशवीचा लांब रोल घेतलात तर हवा तेवढा तुकडा कापून आधी एक टोक सील करा, मगच भरा.

सीलर फक्त हवा काढतो, जंतू मारत नाही. गोठवलेल्या मटणावर किंवा माशावर पांढरट कोरडे डाग पडतात, कारण बर्फाची थेट वाफ होऊन ती उडून जाते. चरबीला हवा लागली की ती खवट होते. हे दोन्ही प्रकार सीलर थोपवतो. बाकी सगळी मदार थंडीवर आहे. फ्रीझर उणे १८ अंशांवर आहे का, ते साध्या थर्मामीटरने एकदा तपासून घ्या, विशेषतः एप्रिल-मे महिन्यांत.

थंडीत मटार स्वस्त होतो तेव्हा बहुतेक घरांत पहिली साठवण त्याचीच असते. दाणे सोलून थेट सील केले तर काही आठवड्यांत हिरवा रंग उतरतो आणि चव गवतासारखी लागते, कारण दाण्यांतली एन्झाइम्स, म्हणजे रंग-चव बदलवणारी नैसर्गिक द्रव्यं, थंडीतही हळूहळू काम करत राहतात. ती उकळत्या पाण्यानेच थांबतात. अर्धा किलो दाण्यांना ४ लिटर पाणी खळखळ उकळा, दाणे टाका आणि पाण्याला पुन्हा उकळी फुटली की तिथून दीड मिनिट मोजा. उकळी परत यायला मिनिटापेक्षा जास्त लागलं तर दाणे पाण्याच्या मानाने जास्त आहेत, म्हणजे ते उकडून मऊ होणार. लगेच बर्फाच्या पाण्यात घाला, निथळा आणि सुती पंचावर पसरून वरचं पाणी पूर्ण टिपून घ्या. फरसबीला ३ मिनिटं लागतात, फ्लॉवरच्या तुऱ्यांनाही ३, पालकाला २. फ्लॉवर, कोबी, ब्रोकोली कच्चे सील करूच नका. त्यांतून वायू सुटत राहतो आणि फ्रिजमध्ये ठेवलेलं पाकीट फुगतं.

टिपलेले दाणे ताटात एका थरात पसरून फ्रीझरमध्ये कडक होईपर्यंत ठेवा, साधारण २ ते ३ तास. मगच पिशवीत भरा. ही पायरी गाळली तर ओल्या दाण्यांतलं पाणी पंपाकडे ओढलं जातं, सीलच्या जागी ओल येते आणि हवेच्या दाबाने मऊ दाणे चेपून त्यांचा एकच गोळा होतो. पाकिटं एका भाजीपुरती, २५० ग्रॅमची करा. मोठं पाकीट उघडून पुन्हा सील करायचं, तर प्रत्येक वेळी आत दमट हवा शिरते आणि ७–८ सेंटिमीटर पिशवी वाया जाते.

सील नीट बसणं हे सगळं पिशवीच्या तोंडावर अवलंबून आहे. भरण्याआधी तोंडाची ५ सेंटिमीटर कड बाहेर दुमडा, म्हणजे तिथे तेल, मसाला, पाणी लागत नाही. भरून झाल्यावर कड सरळ करा, आतून कोरड्या कापडाने पुसा आणि पदार्थ ते सील यांमध्ये ७–८ सेंटिमीटर जागा सोडा. तोंड दोन्ही हातांनी ताणून धरा. एक बारीक चुणी राहिली तरी तिथून हवा शिरते, आणि बहुतेक पाकिटं अशाच चुणीमुळे सैल पडतात. चांगल्या सीलची रेघ अखंड आणि सारखी पारदर्शक दिसते. मध्येच पांढुरका तुकडा दिसला तर थोडं अंतर सोडून दुसरं सील मारा. मासळी आणि मटणाला दुहेरी सील मारायचंच, असं धरून चला. दुसऱ्या दिवशी पाकीट सैल वाटलं आणि पदार्थ अजून कडक असेल, तर नव्या पिशवीत घाला. जुनी पिशवी पाण्यात बुडवून दाबली की बुडबुडे कुठून येतात त्यावरून दोष कळतो: बुडबुडे सीलमधून आले तर चुणी किंवा ओल, मधूनच आले तर टोचलेलं भोक.

सलग खूप पाकिटं करताना दोन सीलमध्ये मिनिटभर थांबा. पट्टी फार तापली की प्लास्टिक जास्त वितळून कड फाटते. काम झाल्यावर झाकण लॉक करून ठेवू नका. झाकणाच्या कडेची रबराची किंवा फोमची हवाबंद पट्टी (गॅस्केट) दबून बसते आणि मग पंप नुसता घरघरत राहतो, हवा ओढत नाही.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींच्या मासेमारीवर बंदी असते, त्यामुळे मे महिन्याअखेर मासळीची साठवण होते. ताजी, घट्ट मासळीच घ्या. सुरमईच्या तुकड्या दोन-अडीच सेंटिमीटर जाड कापून घ्या, धुऊन पूर्ण टिपा, ताटात घट्ट होईपर्यंत गोठवा आणि एका थरात सील करा. मीठ चोळून ठेवण्याचा मोह टाळा. मिठाने पाणी सुटतं आणि गोठलेल्या माशातली चरबीही लवकर खवट होते. कोळंबीचं डोकं काढा, कारण डोक्यावरचा काटा पिशवी हमखास टोचतो. मटणाच्या हाडांच्या टोकांवर बटर पेपरची जाड घडी ठेवा. बोंबलात पाणी फार असतं, ते आधी कडक गोठवल्याशिवाय यंत्राजवळ नेऊ नका. बांगडा-तारली तेलकट, ती ३ महिन्यांत संपवा. सुरमई आणि पापलेट ६ महिन्यांपर्यंत चांगले राहतात. गरम माल किंवा एकाच वेळी खूप माल कोंबला तर आतली जुनी पाकिटंसुद्धा वितळू लागतात. ६० लिटरच्या फ्रीझरमध्ये दिवसाला २ ते अडीच किलोच नवा माल घाला, पाकिटं आडवी, सुटी ठेवा आणि दगडासारखी झाली की मग रचा.

आमरस, आमटी, स्टॉक असलं काहीही पातळ स्वरूपात सील करता येत नाही. रस अर्धा-अर्धा किलोच्या डब्यांत रात्रभर गोठवा, डबा क्षणभर पाण्यात धरून वीट बाहेर काढा, कोरडी पुसा आणि सील करा. ओल्या नारळाचा चव वाटीभराच्या चपट्या थरात याच पद्धतीने ठेवा. पुरणपोळ्या पूर्ण गार करून, मध्ये बटर पेपर घालून, आधी गोठवून मग सील करायच्या. मऊ असताना हवा काढली तर पुरण कडेने बाहेर येतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम हा जंतू हवा नसतानाच वाढतो, आणि त्याच्या विषाला वास किंवा चव असेलच असं नाही. आलं-लसूण पेस्ट, सोललेला लसूण, ताजी अळंबी हवाबंद करून फ्रिजच्या कप्प्यात किंवा ओट्यावर कधीही ठेवू नका. पेस्ट हवी असेल तर बर्फाच्या साच्यात गोठवा, वड्या सील करा आणि पाकीट फ्रीझरमध्येच राहू द्या. शिजवलेली भाजी सील करून फ्रिजमध्ये ठेवली तरी ३–४ दिवसांतच संपवायची. सील केल्याने ते दिवस वाढत नाहीत. गोठवण्याने या जंतूचे बीजाणू (त्याचं सुप्त, चिवट रूप) मरत नाहीत, आणि मासळीत आढळणारे काही प्रकार ३–४ अंशांनाही वाढतात. म्हणून गोठलेला मासा फ्रिजमध्ये वितळायला ठेवताना पाकीट आधी कापून उघडा आणि मासा झाकलेल्या भांड्यात ठेवा.

कोरड्या जिनसांना हा धोका नाही. रवा, डाळी, कडधान्यं आधी ४ दिवस फ्रीझरमध्ये ठेवली तर किडीची अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर दाण्यांवर दव धरतं. मग सील करा. रवा, पिठं, गोडा मसाला हवेबरोबर उडून सीलच्या जागी बसतात, तेव्हा ते आधी कागदी पिशवीत घालून ती पिशवी सीलरच्या पिशवीत ठेवा. चिवडा-भाकरवडीचा चुरा होतो. यंत्राला बरणीतली हवा काढायची नळी असेल तर ते बरणीतच ठेवावेत.

धान्याच्या पिशव्या धुऊन, वाळवून पुन्हा वापरता येतात. कच्चं मटण-मासळी ठेवलेली पिशवी टाकूनच द्या. नाव, वजन आणि तारीख भरण्याआधीच मार्करने लिहा, भरलेल्या गार पिशवीवर शाई धरत नाही.

वीज गेली तर दार उघडू नका. स्वतंत्र डीप फ्रीझर गच्च भरलेला असेल तर साधारण ४८ तास आणि अर्धा भरलेला असेल तर २४ तास थंडी धरून राहतो. फ्रिजच्या वरच्या कप्प्यावर मात्र इतका भरवसा ठेवू नका. वीज आल्यावर आत बर्फाचे कण दिसत असतील तर पाकीट परत गोठवता येतं, पोत थोडा उतरतो इतकंच. बर्फ पूर्ण वितळून पाकीट फ्रिजइतकं गार, म्हणजे ४ अंशांच्या आत असेल, तर उघडून त्याच दिवशी शिजवा. कोमट झालेली मासळी किंवा मटण, सील शाबूत दिसत असलं तरी, फेकून द्या.