नववीची गुणपत्रिका बॅगेत टाका

जुलै लागला की आमच्याकडे फोन सुरू होतात. कुणाच्या नवऱ्याची बदली झालेली असते, कुणाचा एच-वन, म्हणजे नोकरीचा व्हिसा, आत्ता कुठे लागलेला असतो, सामान अजून जहाजावरच असतं आणि प्रश्न ठरलेला: "ताई, पोराला हायस्कूलला घालायचंय, काय काय लागतं?" मी 2011 मध्ये नाशिकहून न्यू जर्सीत आले तेव्हा मुलगी दहावीच्या वयाची होती आणि धाकटा चार वर्षांचा. दोघंही इथल्या सरकारी हायस्कूलमधूनच बाहेर पडली. पहिलीच्या वेळी जे चुकलं ते दुसऱ्याच्या वेळी चुकू दिलं नाही, एवढाच माझा अधिकार. आणि लिहितेय तेही न्यू जर्सीपुरतं. टेक्सास-जॉर्जियाकडे शाळा ऑगस्टमध्येच भरतात, नियमही वेगळे असतात.

आपल्याकडे जूनच्या मध्यावर शाळा सुरू होते. इथे त्याच सुमारास संपते आणि पुन्हा उघडते ती सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारच्या, म्हणजे लेबर डेच्या आसपास. मधल्या दोन महिन्यांत शाळेत चिटपाखरू नसतं. म्हणून 'शाळा उघडली की जाऊन भेटू' असं ठरवलंत की फसलात. नावनोंदणी गावाच्या शाळा-डिस्ट्रिक्टच्या कार्यालयात होते, ते उन्हाळाभर चालू असतं. पत्ता ठरला की त्याच आठवड्यात अर्ज करा. कुठली शाळा मिळणार ते पत्त्यावरून ठरतं, तिथे ओळख, देणगी, मुलाखत यातलं काहीच चालत नाही. भाडेकरार, विजेचं किंवा गॅसचं बिल, जन्मदाखला, लसींचे कागद आणि जुन्या शाळेचे निकाल एवढं लागतं. व्हिसा कुठला आहे यावर प्रवेश अडवता येत नाही, तसा सुप्रीम कोर्टाचा 1982 चा निकाल आहे.

आता जुने निकाल. इथे बहुतेक मराठी घरं ठेच खातात, आम्हीही खाल्ली.

हायस्कूल म्हणजे नववी ते बारावी. चारही वर्षांचे गुण एकाच कागदावर येतात, त्याला ट्रान्सक्रिप्ट म्हणतात, आणि पुढे कॉलेज तोच कागद बघतं. महाराष्ट्रात नववीला कोण विचारतं? नववीत पंचावन्न टक्के आणि दहावीत ब्याण्णव, असं सांगायला आपण संकोचत नाही. इथे नववीतला सप्टेंबर आणि बारावीतला सप्टेंबर सारख्याच वजनाचे. आम्ही मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला आणला, आठवीपर्यंतची प्रगतिपुस्तकं आणली, तिच्या चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेचं प्रमाणपत्रसुद्धा आणलं. नववीची गुणपत्रिका मात्र कपाटात राहिली. काय शिकून आलीय याचा पुरावा नाही म्हणून तिला बीजगणिताच्या पहिल्या वर्गात बसवलं, जिथे सगळी तिच्याहून लहान होती. कागद मागवून, शिक्का मारून, कुरिअर होईपर्यंत नोव्हेंबर उजाडला. तोवर वर्ग बदलायची मुदत संपली होती.

गणिताची इथे शिडी असते: अल्जेब्रा वन, जॉमेट्री, अल्जेब्रा टू, प्रीकॅल्क्युलस, कॅल्क्युलस. वर्षाला एक पायरी. ज्या पायरीवर बसवतील तिथून पुढे चढायचं. खाली बसवलं तर बारावीपर्यंत कॅल्क्युलस येतच नाही, आणि इंजिनिअरिंगला जाणाऱ्या पोराला ते जड जातं. आपल्या एसएससी बोर्डात गणिताचे दोन पेपर असतात, भाग एक बीजगणित आणि भाग दोन भूमिती. गुणपत्रिकेवर मात्र पुष्कळदा नुसतं 'गणित' लिहिलेलं असतं. निघण्याआधी शाळेकडून लेटरहेडवर इंग्रजीत लिहून घ्या की नववीत बीजगणित आणि भूमिती दोन्ही वेगवेगळी शिकवली, आणि विज्ञानात भौतिक, रसायन, जीव तिन्ही. इथे विज्ञान बहुधा वर्षाला एक असं शिकवतात, त्यामुळे तुमच्या मुलाने तिन्हीचा थोडा थोडा भाग केलाय हे समोरच्या माणसाला आपोआप कळत नाही. मुख्याध्यापकांना पत्र अनावश्यक वाटेल, हसतीलही. हसू द्या.

त्या समोरच्या माणसाला काउन्सेलर म्हणतात. मानसोपचाराशी गल्लत करू नका, हा विषय ठरवणारा, वेळापत्रक लावणारा आणि चार वर्षांनी कॉलेजला शिफारस लिहिणारा माणूस. त्याच्याकडे शेकडो मुलं असतात. तो फोन करून तुम्हाला काही सांगणार नाही. विचारलंत तर मात्र आनंदाने वेळ देईल. आपल्याला शिक्षकांपुढे तक्रार केल्यासारखं वाटतं, म्हणून आपण गप्प बसतो, आणि तो समजतो की सगळं ठीक आहे. ईमेल लिहा, तीन ओळींचं, नेमकं. 'माझ्या मुलीने जॉमेट्री केलेली आहे, चाचणी घेऊन बघाल का?' एवढं पुरतं. बऱ्याच शाळा अशी चाचणी घेतात, हे मला दोन वर्षांनी कळलं.

हायस्कूल पास व्हायला न्यू जर्सीत 120 क्रेडिट, म्हणजे विषय पुरे केल्याचे गुण, लागतात. इंग्रजी चारही वर्षं, गणित आणि विज्ञान तीन-तीन, अमेरिकेचा इतिहास दोन वर्षं, शिवाय शारीरिक शिक्षण दरवर्षी. एक कलेचा विषय आणि थोडं आर्थिक व्यवहाराचं शिक्षणही सक्तीचं आहे. अकरावीत आलेल्या मुलालासुद्धा इतिहासाची दोन वर्षं चुकत नाहीत, तेव्हा त्याचं वेळापत्रक भरगच्च असणार हे धरून चाला.

लसींचं सांगते, कारण ऑगस्टमध्ये डॉक्टरची वेळ मिळत नाही. भारतात नवव्या महिन्यात दिलेली गोवराची लस इथे धरत नाहीत, पहिल्या वाढदिवसानंतरचे डोसच मोजतात. पल्स पोलिओच्या रविवारी बूथवर पाजलेले थेंब कुठेच लिहिलेले नसतात. आणि तारखा! आपण 05/08 लिहितो ती 5 ऑगस्ट, इथली नर्स वाचते 8 मे. आमच्या एका ओळखीच्या मुलाच्या कागदावर असा एक डोस जन्माच्या आधी पडला होता. सगळ्या तारखा महिन्याचं नाव अक्षरात घालून डॉक्टरांकडून नव्याने लिहून घ्या. क्षयाची तपासणीही मागतात. आपल्या मुलांना बीसीजी दिलेली असते, त्यामुळे हातावरची त्वचेची चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते आणि मग छातीचा एक्स-रे वगैरे लचांड लागतं. त्याऐवजी रक्ताची चाचणी करता येईल का ते विचारा, तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. परदेशातून आलेल्यांना लसींचे कागद पुरे करायला 30 दिवसांची सवलत असते, पण ती सवलत म्हणूनच ठेवा.

नोंदणीच्या फॉर्मवर घरी कोणती भाषा बोलता असा प्रश्न असतो. मराठी लिहिलं की मुलाची इंग्रजीची चाचणी घेतात. घाबरून बरेच जण 'इंग्लिश' ठोकून देतात. खोटं कशाला? इंग्रजी माध्यमाचं मूल बहुधा ती चाचणी पार करतं, आणि मराठी माध्यमातून आलेल्याला त्या चाचणीमुळेच जादा मदत मिळते. माझ्या मुलीला एक वर्ष ती मदत होती आणि तिची पहिली मैत्रीण त्याच वर्गातली, इजिप्तहून आलेली.

ऑगस्टअखेर ऑनलाइन पोर्टलवर वेळापत्रक दिसू लागतं. मुलाला घेऊन शाळा आधी बघून या. नव्या मुलांसाठी बहुतेक शाळा एक दिवस ठेवतात. वर्ग शिक्षकांचे असतात, मुलं हिंडतात, आणि मधे चार-पाच मिनिटं मिळतात. इमारत आपल्या तीन शाळांएवढी. लॉकरचं कुलूप हा वेगळाच विषय. आकड्यांच्या चकतीचं कुलूप आपल्या पोरांनी हातात धरलेलं नसतं: उजवीकडे तीन फेरे मारून पहिला आकडा, मग डावीकडे एक पूर्ण फेरा घेऊन पहिला ओलांडून दुसरा, मग सरळ उजवीकडे तिसरा. टार्गेट नावाच्या दुकानातून एक कुलूप आणा आणि आठवडाभर सराव करू द्या. पुस्तकांचं लॉकर आजकाल फारसं कुणी वापरत नाही, पण शारीरिक शिक्षणाच्या तासाला कपडे बदलताना ते लागतंच, आणि तिथे कुलूप न उघडता उभं राहिलेलं नवं पोर सगळ्यांना दिसतं.

शिक्षकांना 'सर', 'टीचर' नको, आडनावापुढे मिस्टर किंवा मिस लावायचं. ते वर्गात आले की उभं राहायचं नाही. बाथरूमला जायलाही पास लागतो. आणि हे निक्षून सांगा: गृहपाठाची वही मित्राला 'बघायला' देणं इथे मैत्री नाही, कॉपी आहे, आणि ती देणाऱ्यालाही भोवते. अगदी सज्जन मुलं यात सापडतात.

जेवणाची सुट्टी कधी कधी पावणेअकरालाच असते. तीही शाळा सकाळी साडेसातच्या सुमारास भरते म्हणून. मायक्रोवेव्ह मुलांसाठी बहुतेक ठिकाणी नसतो, तेव्हा थर्मासचा डबा नाहीतर पोळीचा रोल. शाकाहाऱ्याला कॅन्टीनमध्ये पिझ्झा, सॅलड, सँडविच यावर भागवावं लागतं. पण खरी अडचण जेवणाची नसते, बसायचं कुठे याची असते. माझी मुलगी पहिला महिना ग्रंथालयात बसून डबा खायची, हे तिने मला कॉलेजात गेल्यावर सांगितलं. मी रोज विचारत होते, 'आज काय शिकवलं?' कुणाबरोबर जेवलीस, हे एकदाही विचारलं नाही.

यावर उपाय एकच: क्लब नाहीतर खेळ. सप्टेंबरात क्लबांची जत्रा भरते, टेबलं मांडून, आणि नाव लिहिलं की झालं. रोबोटिक्स, वादविवाद, बँड, नाटकाचं नेपथ्य, काहीही चालेल. 'अभ्यास बुडेल' म्हणून अडवू नका. अमेरिकन फुटबॉल, सॉकर (म्हणजे आपला फुटबॉल) आणि क्रॉस कंट्री (मोकळ्या रानातली लांब पल्ल्याची धाव) यांची निवड मात्र ऑगस्टमध्येच होऊन जाते, आणि त्याआधी डॉक्टरांनी भरलेला तपासणीचा फॉर्म द्यावा लागतो. क्रॉस कंट्रीत सहसा कुणाला वगळत नाहीत. धाकटा त्यातच रमला, एकही शर्यत जिंकला नाही आणि चार वर्षांत एकदाही एकटा जेवला नाही.

सप्टेंबरअखेर पालकांसाठी 'बॅक टू स्कूल नाइट' असते. आपण मुलाचं वेळापत्रक हातात घेऊन प्रत्येक वर्गात दहा-दहा मिनिटं बसायचं. तिथे स्वतःच्या मुलाबद्दल विचारायचं नसतं. आमच्या ह्यांनी भर वर्गात हात वर करून 'हाऊ इज माय डॉटर इन मॅथ्स' विचारलं होतं. शिक्षिका हसून म्हणाल्या, ईमेल करा. आम्ही केलं, आणि त्यातूनच त्या चाचणीची गोष्ट पुढे कधीतरी निघाली.

गुण रोज पोर्टलवर येतात. 85 म्हणजे बहुतेक ठिकाणी बी, तेव्हा 'छान, डिस्टिंक्शन!' म्हणायची घाई नको. उलट दर तासाला ॲप उघडून बघायचीही नको. न दिलेल्या गृहपाठाचा शून्य तेवढा शोधा. परीक्षेत चमकणारी आपली मुलं इथे त्या शून्यांनी मार खातात.

डिसेंबरात भारतात जायचा बेत आत्ताच तपासा. नाताळची सुट्टी जेमतेम आठ-दहा दिवसांची असते, आपली तिकिटं तीन आठवड्यांची. वर्षाचे साधारण 180 दिवस धरले तर 18 बुडाले की मूल 'सतत गैरहजर' या यादीत येतं, आणि काही शाळा क्रेडिटच अडवतात. लग्नकार्य हे कारण चालत नाही. दिवाळीचं बरं आहे: काही गावांत सुट्टी असते, नसेल तिथे आधी चिठ्ठी दिली की ती रजा धार्मिक सणाची म्हणून माफ होते.

एच-फोरवर, म्हणजे एच-वनवाल्याच्या कुटुंबाला मिळणाऱ्या व्हिसावर, आलेल्या मुलांना एक गोष्ट तुम्हीच सांगा, बाहेरून कळली तर लागते. सोळाव्या वर्षी वर्गातली पोरं आइस्क्रीमच्या दुकानात कामाला लागतात. यांना पगारी काम करता येत नाही. विनावेतन सेवा करता येते: ग्रंथालय, फूड बँक, मराठी शाळा. कॉलेजसाठी केंद्र सरकारची आर्थिक मदतही या व्हिसावर मिळत नाही, म्हणून पैशाचं गणित बारावीत नाही, नववीतच मांडा.

पहिल्या दिवशी मूल ढीगभर फॉर्म घेऊन येतं, किंवा पोर्टलवर येऊन पडतात. फोटोची परवानगी, कॉम्प्युटरचा करार, जेवणाचं खातं. त्यातला आणीबाणीच्या संपर्काचा फॉर्म त्याच रात्री भरा. त्यात आईवडिलांखेरीज आणखी एक नाव लागतं, अर्ध्या तासात शाळेत पोचू शकेल अशा माणसाचं. नाशिकच्या आजीचा नंबर चालत नाही. आमची त्या गावात कुणाशीच ओळख नव्हती. इमारतीच्या तळघरात कपडे धुवायला येणारी एक तेलुगू बाई तेवढी दोनदा भेटली होती. मी फॉर्म घेऊन तिचं दार वाजवलं. आडनाव तिलाच विचारावं लागलं. तिने ते स्वतःच्या हाताने लिहिलं, फोन नंबर लिहिला आणि 'नातं' या रकान्यापाशी थांबून माझ्याकडे बघितलं. मग 'मावशी' असं इंग्रजीत लिहून टाकलं.