रहस्यकथालेखकाचं वर्ष कसं आखावं

दोन-तीन रहस्यकथा लिहून झाल्या आहेत, ओळखीच्यांनी "खुनी कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही" अशी पावती दिली आहे आणि आता हे काम नियमित करायचं आहे, अशांसाठी हा लेख आहे. कथा सुचते कशी, हे इथे नाही. सुचलेली कथा वेळेत, बिनचूक आणि आपले हक्क शाबूत ठेवून वाचकापर्यंत पोचवायची कशी, तेवढंच आहे.

फक्त मराठी रहस्यकथांवर घर चालवणारे लेखक फार थोडे. बाकीचे नोकरी करतात, मालिकांचे संवाद लिहितात, अनुवाद करतात. त्यामुळे खालची आखणी नोकरी सांभाळून लिहिणाऱ्या माणसाला धरून केली आहे.

पायरी १ : कॅलेंडर दिवाळीपासून मागे मोजा

१९०९ साली 'मनोरंजन'ने दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी कथेचं आर्थिक वर्ष दिवाळीला संपतं. रहस्यकथेचं तर नक्कीच. 'धनंजय', 'नवल' यांसारख्या अंकांनी रहस्य, गूढ आणि भय यांना हक्काची जागा दिली आणि आजही नव्या लेखकाला पहिली संधी मिळण्याची शक्यता दिवाळी अंकातच जास्त असते.

दिवाळी ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत कधीही येते. अंक त्याआधी दोन आठवडे तरी दुकानात हवा. त्याआधी छपाई, बांधणी, मुद्रितशोधन, चित्रं, जाहिराती. म्हणजे संपादकाच्या हातात कथा जूनअखेर किंवा जुलैत पडायला हवी. पहिला खर्डा मेच्या सुरुवातीला संपला, तर तो महिनाभर बाजूला ठेवून पुन्हा वाचायला सवड राहते. लिहिणं मार्च-एप्रिलमध्ये, कथानकाची मांडणी जानेवारी-फेब्रुवारीत.

वर्षाला तीन नव्या कथा पुरेत. ऑगस्टनंतरचे महिने कादंबरीला द्या. (उन्हाळ्यात लिहिण्याचा एक फायदा असा, की कथेत उगाच धो धो पाऊस पडत नाही आणि ऐन वेळी वीज जात नाही. जुलैत घाईने लिहिलेल्या कथांत हे दोन्ही हमखास होतं.)

पायरी २ : दोन कागद घ्या

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. पहिल्या कागदावर गुन्हा खरोखर कसा घडला ते तारीखवार, तासवार लिहा. कोण कुठे होतं, कोणाला काय माहीत होतं, कोण कशासाठी खोटं बोललं, सगळं. दुसऱ्या कागदावर वाचकाला काय, कोणत्या क्रमाने कळणार ते लिहा. पहिला कागद पक्का झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नका. मधेच खुनी बदलावासा वाटला तर जरूर बदला, पण बदल पहिल्या कागदावर करा. फक्त शेवटच्या प्रकरणात केलेला बदल वाचकाला लगेच कळतो.

एक उदाहरण घेऊ. सदाशिव पेठेतल्या एका सोसायटीत एकटे राहणारे गृहस्थ गुरुवारी संध्याकाळी मेलेले सापडतात. पुतण्या सांगतो, "दुपारी तीनला काकांशी फोनवर बोललो. अंघोळीला निघाले होते, मागे नळ वाहताना ऐकू येत होता." पुण्यात दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवायचं तर महापालिका बहुधा गुरुवार निवडते. त्या दिवशी शहरात पाणी नव्हतं, म्हणजे पुतण्या खोटं बोलतोय. छान धागा.

पण पुण्याचा कोणताही वाचक लगेच म्हणेल, "अहो, सोसायटीला टाकी असते की!" धागा तुटला. आता तो जोडायचा. गुरुवारी पाणी येणार नाही म्हणून सोसायटीने त्याच दिवशी गच्चीवरची टाकी रिकामी करून धुवायला काढली, असं पहिल्या कागदावर लिहा. मग वाचकाला ते आधी दिसायला हवं, पण लक्षात राहायला नको. तपास अधिकारी जिन्यापाशी लिफ्टची वाट पाहत उभा आहे. फळ्यावर तीन सूचना आहेत : पाहुण्यांच्या गाड्या आत लावू नयेत, गुरुवारी टाकी धुणार आहोत, गणपतीची वर्गणी राहिलेल्यांनी चिटणिसांना भेटावं. टाकी मधोमध. आणि तिसऱ्या सूचनेखाली कोणीतरी पेनने चिटणिसांबद्दल काहीतरी खरडलेलं आहे. वाचक त्यावर हसतो आणि पुढे जातो.

धागा लपवण्याची हीच मुख्य रीत आहे : यादीत मध्यभागी ठेवा आणि लगेच लक्ष दुसरीकडे न्या. तीच माहिती स्वतंत्र परिच्छेदात दिली तर वाचक तिच्याखाली रेघ मारतो. अजिबात दिली नाही तर ती फसवणूक होते, आणि रहस्यकथेचा वाचक फसवणूक माफ करत नाही.

खर्डा झाल्यावर दोन-तीन वाचकांना पाऊण भागच द्या. खुनी कोण आणि कशावरून, हे त्यांच्याकडून लिहून घ्या. नाव बरोबर आणि कारण चूक, असा निकाल आला तर माझ्या मते कथा उत्तम बसली आहे. कोणालाच काही सुचलं नाही, तर धागे कमी पडले. त्याने खूश होऊ नका.

पायरी ३ : ठाण्यातलं आणि शवागारातलं खरं करा

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. तुमच्या कथेतला खून त्या तारखेनंतरचा असेल, तर "तीनशे दोन लावतो" हे वाक्य बाद. आता खुनाची शिक्षा कलम १०३ मध्ये आहे. फसवणुकीचं ४२० गेलं, ते आता ३१८. खून २०२४ च्या जूनमधला असेल तर मात्र खटला जुन्याच कलमाखाली चालतो, मग तपास आज का चालू असेना. मुरलेला हवालदार सवयीने "तीनशे दोन" म्हणेल आणि तरुण पीएसआय त्याला दुरुस्त करेल, हा प्रसंग तुम्हाला फुकट मिळाला आहे.

मृतदेह सापडला की लगेच खुनाचा गुन्हा दाखल होतोच असं नाही. घातपात उघड दिसत नसेल तर आधी अकस्मात मृत्यूची नोंद होते, पंचनामा होतो, शवविच्छेदन होतं आणि संशय पक्का झाला की गुन्हा दाखल होतो. या मधल्या काळात अर्धे पुरावे पुसले जाऊ शकतात. कथानकाला याहून चांगली फट मिळणार नाही.

अटक केलेल्याला प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करावं लागतं. खाजगी गुप्तहेराला अटक करण्याचे, झडती घेण्याचे पोलिसी अधिकार नाहीत. तुमचा नायक गुप्तहेर असेल, तर पोलिसांत त्याचं ऐकणारं कोण आणि का, हे आधीच ठरवा.

"मृत्यू रात्री १० वाजून १० मिनिटांनी झाला" असं सांगणारा डॉक्टर काढून टाका. डॉक्टर अंदाज सांगतात, आणि तोही काही तासांच्या पट्ट्यात. मृत्यूनंतर काही तासांत शरीर ताठरायला लागतं, साधारण १२ तासांत पूर्ण ताठरतं आणि मग सैल पडत जातं. उष्णतेत हे सगळं लवकर होतं. मे महिन्यातलं चंद्रपूर आणि डिसेंबरातलं महाबळेश्वर यांत फरक पडणार. रात्रभर एसी चालू ठेवून वेळेचा घोळ घालणारा खुनी त्यामुळे पटतो. विषाचा संशय असेल तर व्हिसेरा (मृताच्या अवयवांचे नमुने) न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातो. त्याचा अहवाल दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर येत नाही.

कायद्यांचा मूळ मजकूर सरकारच्या इंडिया कोड संकेतस्थळावर फुकट वाचता येतो. निवृत्त पोलीस अधिकारी किंवा फौजदारी वकील ओळखीत असेल तर नेहमीची कार्यपद्धती विचारा. चालू प्रकरणांबद्दल विचारून त्यांना अडचणीत आणू नका. खऱ्या गुन्ह्यावरून कथा सुचली तर नुसती नावं बदलून भागत नाही. गाव, व्यवसाय, नाती, हेतू, सगळं इतकं बदला की मृताच्या घरच्यांनाही ते आपलं वाटू नये.

पायरी ४ : रोज बसा, आणि मुद्रितं स्वतः तपासा

तासांऐवजी शब्द मोजा. रोजचे ५०० शब्द म्हणजे ६० बैठकांत ३०,००० शब्द. मराठीत एवढ्यात छोटेखानी रहस्य कादंबरी होते.

टंकन युनिकोडमध्येच करा. प्रकाशकाकडचा डीटीपीवाला ते दुसऱ्या फॉन्टमध्ये नेतो, तेव्हा जोडाक्षरं फुटतात आणि कधी आकडेही उडतात. इतर कथांत त्याने फार बिघडत नाही. आपल्याकडे 'सव्वाअकरा'चं 'अकरा' झालं की खुन्याची सुटका होते. म्हणून मुद्रितं (छपाईआधी तपासायची पानं) मागून घ्या आणि पहिल्या फेरीत फक्त वेळा, तारखा, नावं आणि खोल्यांचे क्रमांक पहिल्या कागदाशी ताडून पाहा.

पायरी ५ : मालिका करायची असेल तर नायकाची वही ठेवा

बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, आणि त्यांचा वाचक झुंजार किंवा काळापहाड यांच्या नावाने पुस्तक मागायचा. नायक वाचकाला परत आणतो, हे आजही खरं आहे. वहीत त्याचं वय, गाडी, जुनी दुखापत, घटस्फोटाचं साल, कोणत्या कानाने कमी ऐकू येतं, सगळं लिहा. पाचव्या कथेत कान बदलला तर पत्र येणार.

पायरी ६ : पाठवा, आणि एका वेळी एकाच ठिकाणी

सोबतचं पत्र चार ओळींचं असावं : कथेचं नाव, शब्दसंख्या, ती पूर्वी कुठेही प्रसिद्ध झालेली नाही हे विधान, आणि संपर्क. कथेचा गोषवारा देऊ नका; रहस्य पत्रातच फुटतं. एकच कथा दोन संपादकांना पाठवू नका. महिना-दीड महिना उत्तर आलं नाही तर नम्रपणे विचारा, तरीही काही कळलं नाही तर कथा मागे घेत असल्याचं लेखी कळवा आणि मगच दुसरीकडे द्या. 'साभार परत' आली तर त्याच दिवशी पुढच्या अंकाचा पत्ता काढा.

स्पर्धाही सोडू नका. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पहिली विज्ञानकथा पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून घेतलेलं नाव, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीच्या हस्ताक्षरात. कथेला बक्षीस मिळालं. तुमच्या नावाला अजून वजन नसेल, तर नाव झाकून वाचणारा परीक्षक हा तुमच्या फायद्याचाच आहे.

प्रतिलिपीसारख्या ॲपवर कथा टाकण्याआधी विचार करा. वाचक पटकन मिळतात, पण बऱ्याच संपादकांच्या लेखी ती कथा प्रसिद्ध झालेली ठरते. किंडलवर पुस्तक टाकताना 'सिलेक्ट' योजना घेतली, तर ९० दिवस त्याची डिजिटल आवृत्ती दुसरीकडे देता येत नाही. ऑडिओ मालिकेसाठी लिहिणार असाल तर सूचनाफळ्याची युक्ती बदलावी लागेल, कारण कानाने ऐकणारा मागचं पान उलटून पाहत नाही. तिथे धागा संवादात पेरा, आणि सुरेश-सुरेंद्र अशी ऐकायला सारखी नावं टाळा.

पायरी ७ : सही करण्याआधी कराराची पाच कलमं शोधा

लिहिताक्षणी कथेचा स्वामित्वहक्क तुमचा होतो. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं तो टिकतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क दुसऱ्याला द्यायचा तर ते लेखी आणि सहीनिशी असावं लागतं. करारात कोणती कृती, कोणते हक्क, किती काळ, कोणत्या प्रदेशासाठी आणि किती मोबदल्यात, हे पाहा. काळ लिहिला नसेल तर कायदा तो पाच वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही, तर करारात वेगळं म्हटलेलं नसल्यास तो संपुष्टात येतो.

हे आपल्या बाजूचे नियम आहेत. म्हणूनच "सर्व हक्क, सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी, जगभर" अशी ओळ कोणी पुढे केली तर थांबा. त्या एका ओळीने कायद्याने दिलेलं संरक्षण तुम्ही स्वतःच्या सहीने सोडता. छापील पुस्तक, ई-बुक, ऑडिओ, अनुवाद, चित्रपट-वेबमालिका हे पाच हक्क वेगळे मोजा आणि समोरचा जे खरोखर करणार आहे तेवढंच द्या. रहस्यकथेला पडद्यावर मागणी असते, त्यामुळे पाचवा हक्क कधीकधी बाकीच्या चारांपेक्षा महाग जातो. दिवाळी अंकाशी करार बहुधा होत नाही. तिथे मेलमध्ये "या अंकात एकदा प्रसिद्ध करण्यासाठी" एवढं लिहून ठेवा.

पायरी ८ : हिशेबाची वही

३०० रुपयांच्या पुस्तकावर १० टक्के मानधन ठरलं आणि १,००० प्रती विकल्या गेल्या, तर हातात ३०,००० रुपये येतात, तेही एक-दोन वर्षांत विभागून. ग्रंथालयातल्या एका प्रतीला शंभर वाचक मिळाले तरी पैसे एकाच प्रतीचे. मानधन छापील किमतीवर की प्रकाशकाला मिळालेल्या रकमेवर, हे करारातच स्पष्ट करून घ्या, आणि विक्रीचा हिशेब दरवर्षी लेखी मागा. रक्कम मर्यादेपुढे गेली तर प्रकाशक उगमातून कर कापतो. तो कापलेला कर तुमच्या पॅनवर जमा झाला का, ते विवरणपत्र भरण्याआधी तपासा.

दिवाळी अंकांचं मानधन जाहिरातींचे पैसे वसूल झाल्यावर निघतं, म्हणून डिसेंबरभर वाट पाहायला हरकत नाही. जानेवारीत मात्र स्मरणपत्र पाठवा. त्यात अंकाचं वर्ष, कथेचं नाव, पान क्रमांक, ठरलेली रक्कम आणि बँकेचा तपशील एवढंच असू द्या. अंक आवडल्याचं एक वाक्य घातलं तर चालेल, नव्या कथेचा प्रस्ताव मात्र वेगळ्या पत्राने पाठवा. दोन्ही एकत्र केले की उत्तर फक्त प्रस्तावाला येतं.