नवा पिकअप लावला आणि आवाजच पातळ झाला

माझ्या स्ट्रॅटचा (इलेक्ट्रिक गिटारचा) ब्रिज पिकअप, म्हणजे तारांची थरथर विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा ब्रिजजवळचा भाग, कानात टाचणी टोचल्यासारखा वाजायचा. वर ट्यूबलाइटखाली बसलं की गुणगुण. म्हणून त्याच मापाचा, दोन कॉइलवाला, गुणगुण मारणारा पिकअप, म्हणजे रेल हमबकर आणला. निवडताना फक्त ओहमचा (कॉइलच्या रोधाचा) आकडा पाहिला, हा माझा गाढवपणा. आकडा मोठा म्हणजे आवाज मोठा, असं सरळ गणित नाही. कॉइलच्या तारेची जाडी किंवा मॅग्नेट बदललं की तो फसवतो.

सोल्डर करून गिटारच्या तारा चढवल्या. एकटा ब्रिज झकास! पण स्विच ब्रिज-मिडलवर (ब्रिज आणि मधला पिकअप एकत्र) नेला की आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा, खर्ज गायब. दोघांची फेज उलटी असावी, म्हणजे एकाचा सिग्नल दुसऱ्याचा खोडत असावा, असा संशय आला. दोन्ही पिकअप सर्किटमधून सोडवले, मल्टिमीटर २० किलोओहमवर ठेवून वायरींना लावला आणि स्क्रूड्रायव्हर पिकअपवर टेकवून झटकन उचलला. मिडलला आकडा क्षणभर वर उडाला, नव्याला खाली. सापडलं!

नव्या पिकअपच्या शील्डची (बाहेरच्या आवरणाची) उघडी तार वेगळी होती हे नशीब. ती अर्थलाच ठेवली (नाहीतर पुन्हा गुणगुण) आणि सिग्नल-अर्थच्या वायरी आपापसांत बदलल्या. काम दहा मिनिटांचं, शोधण्यात मात्र अख्खा रविवार गेला.

हमबकरला सहसा ५०० किलोओहमचे पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या बटणांखालचे फिरते रोध) लावतात. मी जुने २५०चेच ठेवलेत, कारण त्यांनी आवाजाची धार थोडी बोथट होते आणि मला तेच हवं होतं. आता पिकअपची उंची जुळवतोय. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून तार आणि पिकअपमध्ये साधारण २ मिलिमीटर.