न्यूझीलंडच्या साऊथ आयलंडला कॅम्परव्हॅन नेणार असाल तर हे आधी बघा

सगळे टेकापो, पुकाकी हे तलाव आणि माउंट कुक डोंगराचे फोटो बघून जातात पण गाडी चालवताना काय होतं ते कोणी सांगत नाही. पहिलं म्हणजे वारा. कॅम्परव्हॅन उंच आणि बाजूंनी सपाट असते, तलावाकाठी गाडी उभी करताना तोंड वाऱ्याकडे करा आणि दार एका हाताने घट्ट धरूनच उघडा, नाहीतर वारा ते हातातून हिसकावतो आणि बिजागरी वाकते, आमची वाकली होती, पुढचे दोन दिवस दोरी बांधून फिरलो.

दुसरं, एकेरी पूल, म्हणजे एका वेळी एकाच बाजूची गाडी जाईल एवढे अरुंद. वेस्ट कोस्टवर हे पूल खूप लागतात. गोल पाटीवर तुमच्या बाजूचा बाण लहान आणि लाल असेल तर थांबायचं, समोरच्याला आधी जाऊ द्यायचं. निळ्या चौकोनी पाटीवर तुमचा बाण मोठा पांढरा असेल तर तुम्ही आधी, तरी समोर बघूनच जा प्लीज. मागे गाड्या साठल्या की जागा बघून बाजूला घ्या.

वेस्ट कोस्टवरच हास्ट ते फॉक्स ग्लेशियर ही गावं साधारण 120 किमी लांब आहेत, हास्टलाच टाकी फुल करा, मॅप आधीच ऑफलाइन घेऊन ठेवा, रेंज जाते. आणि माउंट कुककडे केआ पोपट दिसले तर खायला अजिबात देऊ नका, ते गाडीचं रबर चोचीने उपटतात, वायपरसुद्धा सोडत नाहीत.

रात्री फुकट थांबायचं असेल तर गाडीला सेल्फ कंटेन्डचा हिरवा वॉरंट (गाडीत टॉयलेट, पाणी, सांडपाणी साठवायची सोय असल्याचं प्रमाणपत्र) आहे का ते ताब्यात घेतानाच बघा, शिवाय तिथे थांबायला परवानगी आहे ना हेही.