उघड्या हवेतला स्थिर ग्लो डिस्चार्ज

सामान्य वायुदाबाला हवेत ठिणगी पाडणे सोपे आहे. ती ठिणगी आर्कमध्ये, म्हणजे प्रखर, तापलेल्या विद्युत झोतात, न जाऊ देता शांत, जांभळट ग्लोवर थोपवून धरणे हे खरे काम. त्यासाठी तांब्याच्या जाड, सपाट पट्टीचा कॅथोड (ऋण टोक) करावा आणि तिच्यावर टंगस्टनची सुई अर्धा मिलिमीटर अंतरावर अ‍ॅनोड (धन टोक) म्हणून धरावी. पट्टी जाड हवी, कारण कॅथोड तापला की आर्क फार लवकर पेटतो.

एवढ्या फटीतली हवा साधारण अडीच किलोव्होल्टला फुटते, म्हणजे वीज वाहू लागते, पण ग्लो लागल्यावर फटीवर जेमतेम चारशे-पाचशे व्होल्ट उरतात. म्हणून पुरवठा 5 किलोव्होल्ट डीसीचा असेल, तर उरलेले साडेचार किलोव्होल्ट मालिकेतल्या रेझिस्टरने पेलले पाहिजेत. 1 मेगाओहम घेतल्यास प्रवाह सुमारे साडेचार मिलीअँपिअर राहतो आणि रेझिस्टरमध्ये वीसएक वॅट उष्णता निर्माण होते. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून 100 किलोओहमचे, 5 वॅटचे दहा रेझिस्टर आणून एकामागून एक जोडावेत. प्रत्येकाच्या वाट्याला 450 व्होल्ट येतात, तेव्हा वॅटबरोबर व्होल्टेजची मर्यादाही विचारून घ्यावी.

ही माळ सुईला अगदी लागून बसवावी. मी ती पहिल्यांदा पुरवठ्याच्या पेटीत ठेवून पुढे मीटरभर शील्डेड केबल ओढली होती, आणि दोन दिवस ग्लोऐवजी नुसती किरकिर ऐकली. अशा केबलची धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) मीटरला शंभर पिकोफॅरडच्या आसपास असते. ती रेझिस्टरमधून भरते आणि फट फुटताच कोणताही अडथळा न येता सुईत रिकामी होते. हे चक्र सेकंदाला हजारो वेळा चालते. डोळ्याला ते अखंड प्रकाशासारखे दिसते, त्यामुळे कानावर आणि ऑसिलोस्कोपवर भरवसा ठेवावा. पट्टी 1 किलोओहमच्या रेझिस्टरमधून अर्थ केली, की त्या रेझिस्टरवरचे साडेचार व्होल्ट म्हणजेच साडेचार मिलीअँपिअर.

खरा ग्लो जवळपास मुका असतो. पट्टीवर निळसर-जांभळी पातळ चकती दिसते आणि प्रवाह वाढवला की चकती पसरते, तिची प्रखरता मात्र फारशी बदलत नाही. त्याऐवजी एकच पांढराशुभ्र ठिपका दिसला आणि व्होल्टेज कोसळले, तर तो आर्क; पुरवठा तत्काळ बंद करावा.

हे व्होल्टेज जीवघेणे आहे. उच्च व्होल्टेजचा अनुभव असलेली व्यक्ती शेजारी असल्याशिवाय हा प्रयोग करू नये, आणि बंद केल्यावरही अर्थ केलेल्या दांडीने सुई व पुरवठ्याचे टोक रिकामे केल्याखेरीज मांडणीला हात लावू नये. ओझोन व नायट्रोजनची ऑक्साइडे तयार होतात, म्हणून फ्यूम हूड (वायू बाहेर खेचणारी पेटी) हवाच.

राहिला मुंबईचा पावसाळा. जुलैत अ‍ॅक्रिलिकच्या स्टँडवर दमट, खारट धुळीचा थर बसतो आणि प्रवाह त्यावरून सरपटत जातो. टेफ्लॉनचा स्टँड घ्यावा आणि रोज सुरुवातीला, पुरवठा जोडण्याआधी, तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्यावा.